दंड, गाणी आणि एक मुतारी : शिकागोच्या एका क्लबाची कथा

सेवासंस्थांचे इतिहास बहुधा मोठ्या थाटात लिहिलेले असतात. संस्थापकाला एके रात्री अंतःप्रेरणा होते, तो चार समविचारी मित्र जमवतो आणि दुसऱ्याच दिवसापासून दीनदुबळ्यांचे अश्रू पुसावयास बाहेर पडतो. शिकागो शहरात १९०५ साली स्थापन झालेल्या पहिल्या रोटरी क्लबाचा इतिहास वाचावयास घेतला की हा थाट क्षणात उतरतो. पहिली दोन वर्षे तरी ह्या क्लबाने परोपकाराचे नाव घेतल्याचे फारसे दिसत नाही. सभासद एकत्र जमत, पोटभर जेवत, मोठ्याने गात, एकमेकांची थट्टा करीत आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देत. पुढे ह्या मंडळींनी सार्वजनिक कार्य हाती घेतले तेही असे की सुशिक्षितांच्या बैठकीत त्याचा उच्चार करताना आवाज थोडा खाली यावा. त्यांनी शहरात सार्वजनिक मुतारी बांधून घेतली.

हसण्याचा भाग हसून झाल्यावर एक प्रश्न मात्र उरतो. हे खाणेपिणे आणि हसणेखिदळणे सेवेच्या आड आले, की सेवेचा मार्ग त्यातूनच निघाला? गेल्या शतकात कादंबरीकारांनी, टीकाकारांनी आणि आपल्या पवित्र सभेनेही ह्या प्रश्नाचा निरनिराळ्या बाजूंनी विचार केलेला आहे. म्हणून ही कथा थोडी सविस्तर सांगावयास हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोची लोकसंख्या सतरा लाखांच्या घरात गेली होती. रेल्वेचे रूळ, कत्तलखाने, धान्याचा बाजार आणि उंच इमारती ह्यांनी गजबजलेल्या त्या नगरीत जगभरची माणसे पोट भरण्यासाठी येऊन पडत होती. त्यांपैकीच एक पॉल हॅरिस नावाचा वकील. जन्म १८६८ सालचा, विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावचा. परंतु त्याचे बालपण व्हरमाँटमधील वॉलिंगफोर्ड ह्या खेड्यात आजी-आजोबांच्या घरी गेले. कायद्याची पदवी मिळाल्यावर ह्या गृहस्थाने लगेच वकिली थाटली नाही. पाच वर्षे तो देशोदेशी भटकला. कुठे वार्ताहर, कुठे नट, कुठे गुराखी, कुठे हॉटेलातील रात्रपाळीचा कारकून, कुठे संगमरवराचा विक्रेता अशी नाना सोंगे त्याने वठवली आणि १८९६ मध्ये तो शिकागोत स्थिरावला. धंदा बरा चालला, पण मन रमेना. आठवडाभर माणसांच्या गर्दीत वावरणाऱ्या ह्या माणसाला रविवार खायला उठे. मुंबईच्या चाळीत एकट्याने खोली घेऊन राहिलेल्या आपल्याकडच्या कोणाही तरुणास हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०० साली एका वकीलमित्राने त्याला उपनगरातील आपल्या घरी जेवावयास नेले. जेवणानंतर दोघे फेरफटका मारावयास निघाले, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराशी तो मित्र नावानिशी बोलत होता. हॅरिसला आपले खेडे आठवले. महानगरात असे खेडे मुद्दाम वसवता येईल काय, हा विचार त्याने पुढे पाच वर्षे मनात घोळवला. अखेर २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील ह्याच्याबरोबर एका इटालियन खानावळीत जेवण उरकून तो डिअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी बिल्डिंगमध्ये गेला. तेथे ७११ क्रमांकाच्या खोलीत गस्टाव्हस लोर ह्या खाण-अभियंत्याची कचेरी होती. चौथा हायरम शोरी, व्यवसायाने शिंपी. वकील, कोळसेवाला, खाणवाला आणि शिंपी अशा चौघांची ही पहिली बैठक. सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या कामाच्या ठिकाणी भरवावयाची असे ठरले आणि ह्या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. (ती इमारत पाडण्याची वेळ १९८९ मध्ये आली, तेव्हा खोली क्रमांक ७११ काळजीपूर्वक सोडवून ठेवण्यात आली आणि पुढे इव्हॅन्स्टन येथील मुख्यालयात पुन्हा मांडण्यात आली. कचेऱ्यांचेही अवशेष जपले जातात!)

नियम साधे होते. एका धंद्यातील एकच सभासद घ्यावयाचा, म्हणजे स्पर्धा नको. परस्परांना आडनावाने वा ‘मिस्टर’ म्हणून न पुकारता पहिल्या नावाने हाक मारावयाची. गैरहजर राहणाऱ्यास पन्नास सेंट दंड. त्या दंडावरच क्लबाचा खर्च भागे. ह्यांखेरीज आणखी एक गोष्ट होती, जी पुढील काळातील रोटेरियनांना सांगताना थोडी अडचण वाटत असावी. क्लबात ‘स्टॅटिस्टिशियन’ नावाचा एक पदाधिकारी असे. कोणत्या सभासदाने दुसऱ्या कोणाला किती धंदा दिला आणि कोणाकडून किती घेतला, ह्याची टिपणे कार्डांवर लिहून त्याच्याकडे पाठवावी लागत. मैत्रीची खातेवही म्हणावी अशी ही व्यवस्था. हॅरिसला खेड्यातला स्नेह हवा होता; इतरांपैकी अनेकांना त्याबरोबर गिऱ्हाईकही हवे होते, आणि ते त्यांनी लपवले नाही.

ह्या मंडळीत हॅरी रगल्स नावाचा मुद्रक लवकरच येऊन मिळाला. त्याचा गळा कसा होता हे कळावयास मार्ग नाही, परंतु त्याची छाती मोठी असली पाहिजे. सभेला मरगळ आली की हा गृहस्थ उठे आणि सर्वांना गावयास लावी. कोळशाचे, कापडाचे, जमिनीचे व्यवहार करणारे, दिवसभर तोंड आंबट करून बसणारे पोक्त पुरुष जेवणाच्या मेजाभोवती उभे राहून शाळकरी मुलांसारखे गाऊ लागले. रोटरीच्या सभांतील समूहगानाची प्रथा येथून सुरू झाली आणि जगभर गेली. वरवर पाहता हा निव्वळ पोरखेळ. पण माणूस बेसूर गाताना एकदा आपल्याला दिसला की त्याच्यापुढे ताठ बसणे कठीण जाते, हा अनुभव आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही गायनमंडळाच्या सभासदाला असेल.

क्लबाला वळण लागले ते बाहेरच्या एका माणसाच्या फटकळ प्रश्नाने. १९०६ मध्ये फ्रेडरिक ट्वीड ह्या सभासदाने डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटच्या वकिलाला क्लबात येण्याचे आमंत्रण दिले. कार्टरने घटना वाचली. तीत दोनच उद्देश होते : सभासदांच्या धंद्याची वाढ आणि सभासदांमधील स्नेहाची वाढ. जो क्लब आपल्या सभासदांपलीकडे कोणाचेच भले करीत नाही, त्याला भवितव्य ते काय, असे म्हणून त्याने आमंत्रण नाकारले. ट्वीडने रागावून पाठ फिरवली नाही. उलट आत येऊन घटना दुरुस्त करावी, असे त्याने कार्टरला सुचवले. कार्टर आला आणि शिकागो शहराचे हित साधण्याचा तिसरा उद्देश घटनेत दाखल झाला.

हे वाचताना मला पॅरिसच्या फ्रेडरिक ओझानामची आठवण झाल्यावाचून राहात नाही. विद्यापीठातील तरुणांच्या वादसभेत प्रतिपक्षाने कॅथलिक विद्यार्थ्यांना विचारले होते की तुमच्या चर्चचा पूर्वेतिहास थोर असेल, पण आज तुम्ही गोरगरिबांसाठी काय करता? त्या टोमण्याला उत्तर म्हणून ओझानाम आणि त्याचे मूठभर सोबती २३ एप्रिल १८३३ रोजी एकत्र आले आणि संत विन्सेंट डी पॉल संस्थेचा जन्म झाला. ओझानामचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता. (पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९७ साली पॅरिसमध्ये त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले.) दोन्ही ठिकाणी टोचणी बाहेरून आली. दोन्ही ठिकाणी ती मनाला लावून घेण्याइतका मोठेपणा आतल्यांनी दाखवला.

साम्य येथे संपते, आणि भेद अधिक बोलका आहे. विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभेअखेर एक पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालतो. कोणी काय टाकले, किंवा काही टाकले की नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. रोटरीत ह्याच्या नेमके उलट. तेथे उशिरा आला म्हणून, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले म्हणून, नवी मोटार घेतली म्हणून भर सभेत माणसाला उभे करून दंड केला जातो, सभा टाळ्या पिटते आणि तो हसत हसत पैसे भरतो. उजव्या हाताचे डाव्याला कळू न देणारे दान आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवून घेतलेले दान. शुभवर्तमानाची शिकवण कोणत्या बाजूस आहे ह्याविषयी वाचकाला शंका नसावी. तरीही दंडाच्या प्रथेत एक व्यवहारज्ञान आहे. पैसेवाल्या माणसाला गुपचूप दे म्हटले तर तो पुष्कळदा गुपचूप राहतो. त्याच्या मोठेपणाची चारचौघांत गोड टर उडवली की त्याचा खिसा सैल होतो. शिवाय दंड नोकराला नव्हे, मालकाला होतो, आणि मालकाला दंड होताना पाहणे ही कोणत्याही समाजात आरोग्यकारक गोष्ट आहे.

आता मुतारीकडे वळू. १९०७ मध्ये हॅरिस क्लबाचा अध्यक्ष झाला आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाचा प्रश्न क्लबाने हाती घेतला. शिकागोच्या मध्यवस्तीत रोज लाखो पाय चालत, पण पादचाऱ्याला मोकळे होण्यासाठी सार्वजनिक जागा नव्हती. पुरुषाला दारूच्या गुत्त्यात शिरावे लागे आणि स्त्रीला मोठ्या दुकानात. गुत्त्यात गेल्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडणे शोभत नसे, आणि दुकानात गेल्यावर काहीतरी विकत घ्यावेसे वाटे. म्हणजे शरीराच्या हाकेवर शहरातील दोन बलाढ्य धंदे थोडीफार कमाई करीत होते. साहजिकच विरोधही ह्या दोघांकडूनच झाला. दारू गाळणाऱ्यांचे म्हणणे असे की शहरात सहा हजार गुत्ते असताना सरकारी सोय कशाला? स्टेट स्ट्रीटवरील दुकानदार म्हणाले की स्त्रियांसाठी आमची दुकाने उघडी आहेतच. हा युक्तिवाद इतक्या गंभीरपणे केला गेला, ह्याचेच आज नवल वाटते.

क्लबाने शहरातील इतर संस्थांना बरोबर घेतले, नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि पालिकेकडून वीस हजार डॉलर मंजूर करून घेतले. १९०९ साली वॉशिंग्टन आणि लासाल ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, नगरभवनाजवळ, ते स्वच्छतागृह उघडले. लढणारेही व्यापारी होते आणि विरोध करणारेही व्यापारी, ही गोष्ट ह्या साऱ्या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते. आपल्याच वर्गातील धनाढ्यांशी वाकडे घेण्याचे धैर्य सुटा कोळसेवाला किंवा सुटा शिंपी कोठून आणणार? परंतु दर पंधरवड्याला एकमेकांना टोपणनावाने हाका मारणारी, एकमेकांचे दंड भरलेले पाहणारी मंडळी पाठीशी असली की माणूस थोडा धीट होतो. थट्टामस्करीत घालवलेल्या त्या संध्याकाळी वाया गेल्या नव्हत्या. आणि मुतारीचे काम हसण्यासारखे वाटले तरी त्याचा लाभ श्रीमंतापेक्षा हमालाला, फेरीवाल्याला आणि बाजारहाटासाठी दुरून पायी आलेल्या बाईला अधिक होणार होता.

पुढचा विस्तार झपाट्याने झाला. १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब निघाला, १९१० मध्ये सोळा क्लबांची पहिली परिषद शिकागोत भरली आणि लवकरच कॅनडा, आयर्लंड व इंग्लंड येथे ही चळवळ पोहोचली. ह्याच सुमारास दोन घोषवाक्ये पुढे आली. एक शिकागोच्याच आर्थर शेल्डन ह्याचे, ज्याचा भावार्थ असा की जो उत्तम सेवा करतो त्यालाच अधिक लाभ होतो. दुसरे मिनिआपोलिसच्या बेन कॉलिन्सचे, स्वार्थ नव्हे तर सेवा असे सांगणारे. पहिले वाक्य दुकानाच्या पाटीवर शोभेल, दुसरे प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर. रोटरीने दोन्ही ठेवून घेतली. ती खातेवही आणि कार्टरचा तिसरा उद्देश अशी दोघेही एकाच घरात नांदत राहिली म्हणावयाची.

१९१७ साली शिकागोतीलच मेल्विन जोन्स ह्या विमाव्यावसायिकाच्या प्रयत्नांतून लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. तिने तर विनोदाला घटनेतच पद बहाल केले. ‘टेल ट्विस्टर’, म्हणजे सिंहाची शेपटी पिरगाळणारा, नावाचा तिचा पदाधिकारी खेळ व गमतीजमती करून सभेत जान आणतो आणि सभासदांना दंड ठोठावतो. त्याला स्वतःला दंड करावयाचा झाल्यास मात्र हजर असलेल्या सर्वांचे एकमत लागते! अशा ह्या शेपूटपिळ्यांच्या परिषदेत १९२५ साली ओहायोतील सीडर पॉइंट येथे हेलन केलर आल्या आणि अंधांचे कैवारी व्हा, असे त्यांनी आवाहन केले. लायन्सनी ते मनावर घेतले. आपल्याकडे नेत्रशिबिरांच्या फलकावर त्यांचे नाव दिसते त्याचे मूळ तेथे आहे.

टीकाकारांना मात्र ह्या मंडळींचे हसणेच खुपले. सिंक्लेअर लुईस ह्याच्या १९२२ मधील ‘बॅबिट’ ह्या कादंबरीत ‘बूस्टर्स क्लब’चे एक भोजन रंगवले आहे. तेथे सोबत्याला टोपणनावाखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली तर दहा सेंट दंड आहे. वाचताना शिकागोची ती खोली ओळखू येते. लुईसचा रोख असा की ही आरडाओरड म्हणजे पोकळ माणसांची एकमेकांना धीर देण्याची धडपड आहे. टीका झोंबणारी होती, आणि अगदी खोटीही नव्हती. परंतु एकाकी माणसांनी एकमेकांना धीर देऊ नये, असा काही दंडक नाही.

पवित्र सभेची हरकत वेगळ्या जातीची होती. रोटरी सर्व धर्मांच्या लोकांना एका मेजावर बसवते आणि नीतीचे धडे कोणत्याही धर्माचा आधार न घेता देते. तेव्हा सर्व धर्म सारखेच, पर्यायाने कोणताच आवश्यक नाही, अशी भावना तर हळूहळू बळावणार नाही ना? युरोपातील कॅथलिक देशांत तर ह्यामागे फ्रीमेसन मंडळींचा हात असल्याचा संशय घेतला जात होता. रोमहून १९२९ साली उत्तर आले की धर्मगुरूंनी ह्या क्लबात जाणे हितावह नाही. जानेवारी १९५१ मध्ये होली ऑफिसने धर्मगुरूंना सभासदत्वाची स्पष्ट मनाई केली आणि संशयास्पद संघटनांपासून सावध राहण्याच्या कायद्याची प्रापंचिकांना आठवण दिली. आज हे वाचून नाक मुरडणे सोपे आहे. मला ती भीती अनाठायी वाटली तरी निराधार वाटत नाही. जेथे सर्वांना रुचेल तेवढेच बोलावयाचे असते, तेथे काही गोष्टी बोलावयाच्या राहून जातात खऱ्या. अमेरिकेतील सिएटल शहरात १९३५ साली काही कॅथलिक व्यावसायिकांनी सेरा क्लबाची सुरुवात केली. भोजन आणि सभा हा साचा परिचित क्लबांचाच, पण हेतू धर्मगुरुपदाच्या पाचारणांना साहाय्य करण्याचा. घर बदलण्यापेक्षा घरातली मांडणी बदललेली बरी, हे त्यांनी ओळखले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या काळात वारे फिरले. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी रोटेरियनांना भेट दिली, १९७९ मध्ये रोम येथील त्यांच्या जागतिक अधिवेशनासमोर पोप दुसरे जॉन पॉल बोलले आणि २०१६ च्या करुणावर्षात संत पेत्राच्या चौकात रोटेरियनांसाठी खास दिवस योजला गेला. वादाचा निकाल कोणत्याही फतव्याने लागला नाही. मधल्या काळात घडलेल्या कामाने तो आपोआप मागे पडला.

भारतात हा क्लब १९१९ साली कलकत्त्यात प्रथम आला. मुंबईचा क्लब १९२९ चा, म्हणजे रोमने पहिले नापसंतीचे उत्तर पाठवले त्याच वर्षीचा. १९६२ मध्ये कलकत्त्याचे नीतीश लाहरी हे जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. आमच्या वसईपासून फार दूर नसलेल्या वापीचे कल्याण बॅनर्जी ह्यांच्याकडे २०११ मध्ये तेच पद आले.

एका बाबतीत मात्र ह्या आनंदी कुटुंबाने लाज आणली. जेवणाच्या मेजावर सर्व धंद्यांना जागा होती, पण स्त्रीला नव्हती. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे ह्या लहानशा क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा संघटनेने पुढल्या वर्षी त्या क्लबाचीच मान्यता काढून घेतली. क्लबाने न्यायालयाची वाट धरली. पण वाट पाहण्याच्या काळातही त्यांचा विनोद आटला नाही. त्यांनी स्वतःस ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवून घेतले आणि रोटरीच्या चक्रावर भली मोठी फुली मारलेले बिल्ले छातीवर लावले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक ह्या ड्युआर्टेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९८९ मध्ये संघटनेने आपल्या घटनेतून ती अट काढून टाकली. जे खेळकरपण बाहेरच्यांवर चालते ते घरच्या वडीलधाऱ्यांवरही चालवता येते, हे त्या फुलीने दाखवले.

आता शेवटचे आणि सर्वांत मोठे काम. १९७९ साली फिलिपाइन्समध्ये साठ लाख बालकांना पोलिओची लस पाजण्याचे आश्वासन रोटरीने दिले. ते साधल्यावर १९८५ मध्ये जगभरच्या क्लबांनी बारा कोटी डॉलर जमवण्याचा संकल्प सोडला. तीन वर्षांत जमले चोवीस कोटी सत्तर लाख. ह्यात मोठमोठ्या देणग्या होत्याच, पण दंडाच्या डब्यातली चिल्लरही होती. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाचा ठराव केला, त्या वेळी दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले ह्या रोगाने पांगळी होत होती.

१९९५ च्या डिसेंबरात आपल्या देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, तेव्हाचे रविवार अनेकांना आठवत असतील. समाजमंदिरात, शाळेच्या ओट्यावर, एस. टी. स्थानकात, लोकलच्या फलाटावर मेज मांडलेले असे. लस पाजण्याचे खरे ओझे अंगणवाडीच्या आणि आरोग्यखात्याच्या बायकांनी वाहिले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांच्या शेजारी क्लबाची मंडळी टोप्या घालून उभी असत. एरवी मोटारीतून न उतरणारे गृहस्थ रडक्या पोराला शिट्टी नाहीतर फुगा देऊन तोंड उघडावयास लावीत. दोन थेंब जिभेवर पडले की डाव्या करंगळीवर शाईची खूण. मते देणाऱ्या मोठ्यांसारखे आपल्यालाही शाई लागली, ह्याचे पोरांना कोण कौतुक!

भारतातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या प्रदेशाला पोलिओमुक्तीचा दाखला दिला. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ह्या दोन देशांत तो विषाणू अजून तग धरून आहे. तेथे लस पाजणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, आणि तरीही दर फेरीला त्या बायका पेट्या खांद्याला लावून पुन्हा बाहेर पडतात.